एकवीस मिलिमीटर

माण तालुक्यात चिखल हा पाहुणा आहे. मृगात येतो म्हणून सांगतो आणि येत नाही. परतीच्या पावसात न सांगता उगवतो, दोन दिवस राहतो, आणि गेला की माणसं वर्षभर त्याची आठवण काढतात. पावसाची सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. ती गाठली त्या वर्षी सोसायटीचा सचिवसुद्धा हसून बोलतो. अशा मुलखात आमच्या पुतण्यानं आपल्या थारला खास चिखलात चालायचे टायर बसवून आणले.

बाजारात त्यांना 'मड टेरेन' म्हणतात. नक्षीऐवजी उभेआडवे ठोकळे आणि ठोकळ्यांच्या मध्ये बोट जाईल एवढी फट. फटीत चिखल भरायचा, चाक फिरताना तो बाहेर फेकला जायचा आणि ठोकळ्यांनी नव्यानं जमीन धरायची, अशी योजना. दहिवडीपासून आमच्या वस्तीपर्यंत येताना त्या फटीत भरला तो मुरूम. डांबरीवर आल्यावर खडे एकेक करून सुटायचे आणि मागच्या मोटारसायकलवाल्याच्या नडगीवर बसायचे. आवाज तर असा की गाडी ओढ्यापलीकडं असतानाच कुत्री उठून उभी राहिली.

"नाना, बघा तरी. आता कुठंबी जाती गाडी."

"आधी कुठं जात न्हवती?"

त्यानं जरा विचार केला. "तशी जात हुती. पर आता जाती आसं दिसतं."

मोठ्या टायरवर तज्ज्ञ मंडळींनी जे जे लिहिलं-बोललं आहे, त्यातलं फारसं काही या वाक्याच्या पुढं गेलेलं मला आढळलं नाही. तरी मी हिशेबाचा माणूस, त्यामुळं कागद-पेन्सिल घेऊन बसलो. टायरच्या अंगावर जो आकडा असतो तो वाचता आला की निम्मं गुपित कळतं. कंपनीनं दिलेला टायर २५५/६५ आर १८. म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के आणि आतल्या रिमचा व्यास १८ इंच. बेरीज केली की अख्ख्या चाकाची उंची ७८९ मिलिमीटर भरते. नवा टायर २८५/७० आर १७. त्याची उंची ८३१. फरक ४२ मिलिमीटरचा. पण आस चाकाच्या मधोमध असतो. चाक वर जेवढं वाढतं तेवढंच खालीही वाढतं. त्यामुळं गाडी उचलली जाते ती ४२ नव्हे, २१ मिलिमीटर. पोटाखाली मुळात २२६ मिलिमीटर मोकळी जागा होती, ती २४७ झाली. टायर आणि रिम मिळून लाखभर रुपये गेले असं त्यानं आईला सांगितलं होतं, म्हणजे खरा आकडा वरचा असणार. पण लाखच धरला तरी मिलिमीटरला जवळजवळ पाच हजार पडले.

निम्म्याचं आम्हाला वावडं नाही. माणचा माणूस पैसेवारीच्या आकड्यावर वाढलेला असतो. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी लागली की दुष्काळ, वर गेली की शेतकरी सुखी, असं सरकारी पंचांग सांगतं. मोठ्या टायरची पैसेवारी बरोबर पन्नास. दुष्काळही जाहीर होत नाही आणि सुखही लागत नाही.

पण त्या एकवीस मिलिमीटरना हसून सोडून देणं अन्यायाचं होईल. थारचा मागचा आस अखंड आहे, त्याच्या मध्यावर लोखंडी गोळा लोंबतो आणि चाकोरीतला दगड नेमका त्यालाच गाठतो. स्प्रिंगा उंच केल्या तर वरचा सांगाडा उंच होतो, हा गोळा जिथल्या तिथं राहतो. त्याला वर उचलायचा एकच मार्ग, चाकच मोठं करायचं. शिवाय मोठ्या व्यासाचं चाक खड्ड्यात कमी उतरतं आणि दगडावर सहज चढतं. टायरची भिंत उंच आणि जाड असली तर दगडाचा मार रिमपर्यंत पोचत नाही. माणच्या माळावर, जिथं देवानं माती वाटताना हात आखडता घेतला आणि ती कसर दगडात भरून काढली, तिथं हे सगळे गुण कामाचे. फक्त बाभळीच्या काट्याला त्यातलं काही समजत नाही. तो जुन्या टायरला जसा शिरायचा तसाच नव्याला शिरला, आणि म्हसवडच्या पंक्चरवाल्यानं नव्या टायरकडं कौतुकानं बघत जादा पैसे लावले.

चाक मोठं असावं हे आमच्या सुतारांना थारच्या आधी शेकडो वर्षं ठाऊक होतं. बैलगाडीचं जुनं लाकडी चाक बघा, चांगलं छातीला लागतं. व्यास दांडगा, पण रुंदी चार बोटं. मोठं आणि अरुंद. खड्डा ओलांडायला व्यास उपयोगी पडतो आणि भुसभुशीत वरच्या थरातून खालची घट्ट जमीन गाठायला अरुंदपणा. तुंब्यात आरे, आऱ्यांवर पुठ्ठे आणि पुठ्ठ्यांवर लोखंडी धाव. ही धाव म्हणजे त्या काळचा टायर. ती चाकापेक्षा किंचित लहान घडवायची. मग गोवऱ्यांच्या आरात लाल होईपर्यंत तापवायची. तापली की लोखंड पसरतं, तेवढ्यात दोघातिघांनी सांडशीनं उचलून ती चाकावर बसवायची, घण मारायचे आणि वरून पाणी ओतायचं. धूर, वाफ, चर्र आवाज, आणि गार होताना आवळत जाणारी धाव सगळे सांधे असे कवटाळायची की सुतारानं मारलेली पाचर बाहेर यायची हिंमत करत नसे. माप जराही मोठं झालं तर धाव दुसऱ्या ओढ्यात निघून पडणार. लोहाराचं सगळं कसब त्या लहानपणात होतं.

उन्हाळ्यात लाकूड वाळून आक्रसलं की धाव सैल व्हायची. त्यावर उपाय एकच, गाडी ओढ्यात नेऊन चाकं भिजत ठेवायची. आता हा उपाय ज्यानं शोधला तो माणदेशी नसणार. ओढ्यात पाणी नसेल तर? मग दुष्काळी वर्षी गावोगावच्या गाड्या खडखडत चालायच्या, आणि म्हातारी माणसं नुसत्या आवाजावरून सांगायची की यंदा विहिरी कुठवर गेल्यात.

पुढं रबरी टायरच्या गाड्या आल्या. कंपनी कुठलीही असो, लोक त्यांना 'डनलॉप'च म्हणायचे. डनलॉप नावाच्या स्कॉटिश पशुवैद्यानं १८८८ मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. गुरांच्या डॉक्टरचं नाव शेवटी बैलांच्याच गाडीला लागलं, हे मला न्यायाचं वाटतं. ही चाकं बुटकी आणि रुंद. डांबरीवर त्याच बैलांनी कितीतरी जास्त माल ओढला. वावरात शिरली की मात्र बैलांच्या माना सांगायच्या. रस्ता बदलला म्हणून चाक बदललं, आणि त्यात कुणाला मिरवायचं काही नव्हतं.

जीपचंही तसंच. दुसऱ्या महायुद्धात जी विलीज जीप आफ्रिकेच्या वाळूत आणि ब्रह्मदेशच्या चिखलात फिरली, तिचा टायर ६.००-१६ मापाचा होता, म्हणजे रुंदी सहा इंच. आजच्या थारवाल्याला तो दाखवला तर स्टेपनी समजेल. त्याच जीपचे सुटे भाग आणून महिंद्रांनी मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली, आणि तिची मुलं-नातवंडं यथावकाश आमच्याकडं वडापला लागली. सातारा-सांगलीकडं ज्यानं वडाप जीप पाहिली नाही त्यानं ऑफ-रोडिंग पाहिलं नाही. आत किती माणसं आहेत हे फक्त ड्रायव्हरला माहीत, टपावर कोथिंबिरीची पोती, मागं लटकलेले दोन कॉलेजकुमार, त्यांच्या पायांमध्ये बांधलेला बोकड, आणि टायर गोटा झालेले. नक्षी म्हणून काही असलीच तर ती रिमोल्ड करणाऱ्यानं पुन्हा चिकटवलेली. ही जीप खरसुंडीच्या जत्रेला गेली, लग्नाचं वऱ्हाड घेऊन ओढ्यातून गेली, बाळंतिणीला घेऊन रात्री घाटातून गेली. तिच्या मालकाला कुणी कधी 'अॅडव्हेंचर' करतोस का असं विचारलं नाही. तो डिझेलचे पैसे मोजत होता.

वाळूची गोष्ट निराळी. कुळकजाईकडच्या डोंगरात उगम पावणारी माणगंगा पुढं सारकोलीला भीमेला मिळते आणि मधल्या वाटेत वर्षाचा बराच काळ कोरडी असते. तिच्या पात्रात जिथं अजून वाळू शिल्लक आहे तिथं पुतण्यानं गाडी उतरवली. उतरली ती बसली. मोठे टायर, जोरात दिलेला अॅक्सिलरेटर आणि चिखलासाठी केलेले ते ठोकळे, तिघांनी मिळून सुबक चार खड्डे खोदले. मेंढरं घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्यानं थांबून सगळं नीट पाहिलं आणि विचारलं, "पाणी लागलं का?"

वाळूत उपयोग होतो तो टायरमधली हवा कमी करण्याचा. नेहमीच्या तीस-बत्तीसवरून दाब अठरा-वीसवर आणला की टायर खाली पसरतो, जमिनीवर टेकणारा तुकडा लांबट होतो आणि गाडीचं ओझं जास्त जागेवर वाटलं जातं. नुसती रुंदी वाढवून हे तितकंसं साधत नाही. दाब तोच ठेवला तर टेकणारी जागा बरीचशी तेवढीच राहते, फक्त तिचा आकार बदलतो. म्हणजे लाख रुपयांच्या कामातला मोठा वाटा किल्लीच्या टोकानं फुकटात होतो. अट एवढीच की वर आल्यावर हवा भरायला पंप जवळ हवा, नाहीतर वळणावर टायर रिम सोडतो. आइसलँडमध्ये बर्फावरून जाणाऱ्या जीपना ४४ इंची टायर लावतात आणि हवा जवळजवळ नसल्यासारखी ठेवतात. टायर पापडासारखे पसरतात आणि गाडी बर्फात रुतण्याऐवजी वरून चालते. तिथं मोठ्या टायरला तोड नाही हे मी मान्य करतो. आटपाडी-म्हसवड रस्त्यावर बर्फ पडायला लागला की पुन्हा विचार करू.

आता तोट्यांकडं वळलं पाहिजे, आणि इथं माझी लेखणी जरा उत्साहानं चालते हे वाचकांनी पोटात घालावं. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, पण काटा जुन्या चाकाचाच हिशेब लावतो. काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी त्रेसष्टनं धावत असते. खरे हजार किलोमीटर झाले की मीटरवर साडेनऊशेच्या आसपासच पडतात. म्हणून पुतण्या म्हणायचा की अॅव्हरेज फार पडलंय; त्यातलं थोडं मीटरचं खोटं होतं, बाकीचं खरंच पडलं होतं. कारण एकेक टायर सात-आठ किलोनं जड, आणि वजन गाडीत ठेवणं वेगळं, चाकाच्या कडेला बांधून गरागरा फिरवणं वेगळं. ते फिरवायलाही जोर लागतो आणि थांबवायलाही. गिअर न बदलताच उंच झाल्यासारखे होतात, चढाला गाडी पूर्वीपेक्षा लवकर कुरकुरते. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लॅस्टिकला घासतो. मग ते प्लॅस्टिक कापायचं. मग दोन इंच गाडी उचलायची. मग अलाइनमेंट. मग बेअरिंग. एकदा चाक वाढलं की बाकीची गाडी त्याच्या मापाची करत बसावं लागतं, आणि गॅरेजवाल्याच्या पोराला इंग्रजी शाळेत जागा मिळते.

स्टेपनीचा पेच तर कुणाच्या लक्षातच येत नाही. चार टायर घेतले, पाचवा जुनाच मागच्या दाराला टांगला. चारही चाकांना जोर लावून चालणाऱ्या गाडीत तीन चाकं एका मापाची आणि एक दुसऱ्या मापाचं असलं की आतले दाते एकमेकांशी भांडतात. पाचवाही मोठाच घेतला तर तो दाराच्या बिजागऱ्यांना पेलत नाही. पुतण्यानं मधला मार्ग काढला. तो देवावर भरवसा ठेवतो.

सगळ्यात मोठा तोटा मात्र आमच्या आईला झाला. ब्याऐंशी वर्षांची बाई, नऊवारी लुगडं. तिला गाडीत चढायला आधी एक हात पुरायचा, आता दोन माणसं आणि प्लॅस्टिकचं स्टूल लागायला लागलं. शिखर शिंगणापूरला शंभू महादेवाच्या दर्शनाला नेली तेव्हा स्टूल गाडीतून न्यावं लागलं. वर पोचल्यावर पुतण्या म्हणाला, "बघ आज्जी, कसा घाट चढली!" घाट डांबरी होता, बाजूनं लाल एसटीही चढत होती. आई काही बोलली नाही. तिनं डोंगराच्या दुसऱ्या अंगाकडं, मुंगी घाटाकडं हात जोडले. चैत्रात कऱ्हेचं पाणी घेऊन सासवडकडच्या कावडी त्या कड्यावरून चढतात. कावड खांद्यावर, वरून दोर नि हात, खालून हात, आणि माणसांची साखळी. ऑफ-रोडिंगची एवढी मोठी स्पर्धा महाराष्ट्रात दुसरी नसेल, आणि तिला चाकच नाही.

कायद्याचंही जाता जाता सांगून टाकतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या ५२ व्या कलमाप्रमाणं कंपनीनं ठरवलेल्या आणि नोंदीत असलेल्या तपशिलात मालकाला मनाजोगता बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दंड ठरला, बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. टायर किती फुगला म्हणजे तो बदल ठरतो, याबद्दल आरटीओचं मत आणि तरुणांचं मत यांत मोकळी जागा भरपूर असते, चांगली २४७ मिलिमीटर. पण पाच हजार हा आकडा ऐकून मी दचकलो. एका मिलिमीटरचा भाव सरकारनं बरोबर काढला होता.

टायरचा खरा जाणकार शोधायचा तर तो ट्रॅक्टरवाला. त्यानं १३.६-२८ काढून १४.९-२८ बसवला तर त्यामागं नांगर असतो, फोटो नसतो. चाक जागेवर फिरायला लागलं की डिझेल मातीत जातं हे त्याला कळतं, म्हणून तो टायरमध्ये पाणीही भरतो. खरंच पाणी. वॉल्व्हला नळी लावून टायरचा पाऊण भाग पाण्यानं भरायचा आणि उरलेल्यात हवा. वजन वाढतं, पकड वाढते. एका चाकात शे-दीडशे लिटर सहज मावतं. एका उन्हाळ्यात आमच्या वस्तीवर टँकरची वाट बघत बायका हंडे मांडून बसल्या होत्या आणि समोरून ट्रॅक्टर गेला. "दोन चाकात आख्ख्या आळीची आंघोळ चाललीय बघ," असं एक जण म्हणाली, आणि त्यावर ट्रॅक्टरवाल्यानं मान खाली घालून गिअर टाकला. त्यानं ते पाणी पावसाळ्यात भरलेलं होतं, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. आता आटपाडीकडं टेंभू योजनेचं पाणी आलंय, इकडंही कालव्यांची कामं पुढं सरकतायत. डाळिंबाच्या बागांच्या कडेला, उसाच्या वाटेवर कधी कधी खरा चिखल दिसतो. पुतण्याचे टायर काळाच्या थोडे पुढं होते, असंही म्हणता येईल.

पळणाऱ्याला काय लागतं ते बघायचं तर शर्यतीला जावं. २०१४ मध्ये न्यायालयानं बंद केलेल्या बैलगाडी शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानंही त्यांना मान्यता दिली. तेव्हापासून आमच्याकडं पोरांना दुसरा विषय नाही. त्या शर्यतीतला छकडा हातानं उचलता यावा इतका हलका करायची धडपड असते. जड, रुंद, दिमाखदार असं काही त्यात ठेवत नाहीत. आणि खिल्लार घेणारा जाणता माणूस बैलाच्या शिंगांकडं बघून झालं की खाली वाकतो आणि खूर बघतो. काळा, लहान, घट्ट मिटलेला खूर हवा. पसरट असला की तो शेपटावर थाप मारून पुढच्या दावणीकडं जातो. हे मी पुतण्याला एकदा खरसुंडीच्या बाजारात दाखवलं. तो म्हणाला, "नाना, बैलाला अलॉय बसत न्हाईत म्हणून तसं."

त्याला मी काय सांगणार? लग्नात, वाढदिवसाला, निवडणुकीच्या मिरवणुकीत ती गाडी पुढं असायची. पोरं टायरला टेकून फोटो काढायची. चाळीस वर्षं आकाशाकडं बघून जगलेल्या घरातला मुलगा जमिनीपासून एकवीस मिलिमीटर वर गेला, तर त्याच्या डोक्यात फार हवा गेली असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. डाळिंबाला भाव मिळाला होता. दुसऱ्या कुणी प्लॉट घेतला, कुणी जमीन सोडवली. यानं चार टायर घेतले. बाकी दोघांच्या दारात फोटो काढायला मात्र कोणी जात नाही.

आता त्याला पाच दरवाज्यांची थार हवी झाली आहे, आज्जीला मागं नीट बसता यावं म्हणून, असं कारण तो सांगतो. जुनी गाडी घ्यायला फलटणचं गिऱ्हाईक आलं. गाडीभोवती एक चक्कर मारून, खाली वाकून त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "कंपनीचे टायर कुठंयत? त्ये बसवून देणार आसाल तर बोलू."

कंपनीचे चारही टायर गोठ्याच्या पत्र्यावर होते. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडायला नकोत म्हणून वहिनींनी ते उतरवल्या दिवशीच वर चढवून घेतले होते, आणि तेव्हापासून एकही पत्रा हलला नव्हता. पुतण्या शिडी लावून वर निघाला तसं वहिनींनी धारेवरून मान वर केली.

"काढ खुशाल," त्या म्हणाल्या. "पर आधी चार दांडगं धोंडं आणून ठेव वर. मग टायरला हात लाव."